प्रश्नोत्तरांच्या खेळांची प्रतवारी

श्रेष्ठकनिष्ठतेच्या याद्या करण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. कवींची, किल्ल्यांची, मल्लांची, फार काय मिठायांचीहि प्रतवारी आमच्या लोकांनीं केलेली आहे. परंतु दूरचित्रवाणीवरील खेळांचीच प्रतवारी करून ती पुन्हां दूरचित्रवाणीवरच, शेवटच्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत पायरीपायरीनें चढत, करमणूक म्हणून दाखवावी ही कल्पना अमेरिकन लोकांस सुचावी, हें त्यांच्या स्वभावास धरूनच झालें. २००६ सालीं केवळ अशा खेळांसच वाहिलेल्या तेथील एका वाहिनीनें आजवरच्या ५० उत्कृष्ट खेळांची यादी या रीतीनें प्रक्षेपित केली. पुढें २०१३ सालीं ‘टीव्ही गाइड’ या नियतकालिकानें ६० खेळांची यादी छापली आणि तींत ‘जेपर्डी’ या खेळास पहिलें आसन दिलें. आमच्याकडील ज्या पिढीनें रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या तोंडून गीतमालेचीं पायदानें ऐकत बुधवारच्या रात्रीं घालविल्या, तिला या प्रकाराचें विशेष नावीन्य वाटणार नाहीं. पण गाण्याची प्रतवारी निदान श्रोत्यांच्या कानावरून तरी होते. खेळाची कशावरून करावयाची? तो किती वर्षें चालला, किती लोकांनीं पाहिला, त्यानें किती पैसा वाटला, हीं सर्व मापें व्यापाऱ्याचीं होत. आम्हांस येथें एक निराळें माप सुचवावयाचें आहे. तें आमचें नव्हे. आमच्या गांवच्या एका वृद्धाचें आहे.

जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी बुद्रुक हें आमचें गांव. भूस्तरशास्त्रज्ञांस तें दुसऱ्याच कारणानें ठाऊक आहे. नदीकांठच्या गाळांत येथें ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सांपडतो. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखींतून उडून समुद्र ओलांडून आली असें पंडित म्हणतात; ती सुमारें ७५,००० वर्षांपूर्वींची कीं त्याहून कितीतरी जुनी, यावर मात्र त्यांचें एकमत झालेलें नाहीं. परदेशीं उडालेली वस्तु आमच्या शिवारांत येऊन पडण्याचा प्रघात, तात्पर्य, आजकालचा नव्हे.

३ जुलै २००० रोजीं ‘कौन बनेगा करोडपति’ सुरू झालें. त्या पावसाळ्यांत एके रात्रीं आम्ही गांवीं नात्यांतल्या एका घरीं बसलों होतों. रात्रीचे नऊ वाजले कीं रस्ते ओस पडत, तसे आमच्या आळींतलेहि पडले होते. ओसरीवर पंधरावीस माणसें. प्रत्येकजण उत्तर ओरडून सांगत होता, आणि चुकलेले लोक चुकल्याचें तत्काळ विसरून पुढल्या प्रश्नास भिडत होते. आम्ही प्राध्यापक असल्यामुळें प्रत्येक प्रश्नास लोक आमच्याकडे पाहत आणि आमची मोठी पंचाईत होई. आमचे दूरचे एक चुलते, तरुणपणीं तमाशाच्या फडांत तुणतुणें धरणारे, खांबाला टेकून अर्धा तास गप्प बसले होते. मग ते एकदम म्हणाले, “अरे, समदं खरं, पण त्या इचारणाऱ्याला कोण इचारतो?”

सर्व हंसले. आम्हीहि हंसलों, आणि कांहींशा अध्यापकी आढ्यतेनें त्यांस समजावून सांगितलें कीं, नाना, विचारणाऱ्यास उत्तर द्यावें लागत नाहीं. उत्तरें यंत्रांत ठेवलेलीं असतात. नानांनीं मान हलविली. “मग ह्यो सवाल नाय. ही परीक्षा हाये.”

आमचें उभें आयुष्य परीक्षा घेण्यांत गेल्यामुळें तें वाक्य आम्हांस झोंबलें, हें कबूल केलें पाहिजे.

नानांचा ‘सवाल’ कोणता, हें समजण्यास बोरीहून नारायणगांवाकडे पाहावें लागेल. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांच्या नांवानें महाराष्ट्रास परिचित झालेलें हें गांव तमाशाची पंढरी समजलें जातें. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यावयास येतात. तमाशांतील सवाल-जवाबाचें मूळ कलगी-तुऱ्याच्या झगड्यांत आहे. तुरेवाल्यांनीं शिवाचें, कलगीवाल्यांनीं शक्तीचें श्रेष्ठत्व सांगावयाचें; दोन्ही पक्षांनीं डफ-तुणतुण्यावर भेदिक लावण्या म्हणून एकमेकांस कोड्यांत पकडावयाचें. सृष्टि आधीं कशापासून झाली, देहांत तत्त्वें किती, पुराणांतला अमका तमक्याचा कोण, अशा वळणाचे हे प्रश्न असत. ज्यास आजची शाळा ज्ञान म्हणेल असा भाग त्यांत थोडा, हें खरें. परंतु त्या झगड्याची घटना पाहावी. प्रश्न घालणारा आणि उत्तर देणारा हे समोरासमोर उभे असतात, आणि क्षणांत त्यांच्या भूमिका उलटतात. ज्यानें सवाल टाकला त्याच्यावरहि सवाल येणार आहे. उत्तर आलें नाहीं तर भरसभेंत मान खालीं घालावयाची. निवाडा करणारी सभा, आणि तींत पुराण ऐकून ऐकून मुरलेले म्हातारे असत. त्यांस फसविणें सोपें नव्हतें. पुढें हा सवाल-जवाब तमाशांत, आणि तमाशांतून चित्रपटांत गेला. अनंत माने यांनीं १९६४ सालीं काढलेल्या जयश्री गडकरांच्या चित्रपटाचें नांवच ‘सवाल माझा ऐका’ असें आहे.

फडांतहि संगनमतानें सवाल होत नसत काय, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हींहि तो नानांपुढें घेतला होता. ते म्हणाले, होत. पण ठरवून टाकलेला सवाल लोकांस लागलीच कळे, आणि मग तुणतुण्यासुद्धां पळावें लागे.

अमेरिकेंत या खेळांचा जन्म रेडिओवर झाला. १९३८ सालीं तेथें ‘इन्फर्मेशन प्लीज’ नांवाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्याची रीति आम्हांस विलक्षण वाटते, कारण नाना ती पाहून खूष झाले असते. त्यांत विद्वान् लोक उत्तरें देण्यास बसत आणि प्रश्न श्रोते पाठवीत. एखाद्या खेड्यांतल्या शिक्षकाच्या प्रश्नानें पंडितांची बोलती बंद झाली कीं गल्ला उघडल्याचा खणखणाट ऐकूं येई, आणि त्या श्रोत्यास कांहीं डॉलर व पुढें पुढें विश्वकोशाचा संचहि मिळे. क्लिफ्टन फॅडिमन हे त्याचे सूत्रधार. या खेळांत हरणारे पंडित होते आणि हरण्याचें त्यांस वाईट वाटत नसे. ते हरले म्हणजे देश हंसे. बक्षिसाची रक्कम क्षुल्लक होती, आणि ती क्षुल्लक होती म्हणूनच कोणास लबाडी करण्याचें कारण पडलें नाहीं.

तें कारण दूरचित्रवाणीनें पुरविलें. १९५४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असे बक्षिसांचे खेळ म्हणजे सोडत नव्हे असा निकाल दिला. आणि १९५५ च्या जूनमध्यें ‘६४,००० डॉलरचा प्रश्न’ हा खेळ अवतरला. ओठांचे रंग विकणारी कंपनी त्याची आश्रयदाती होती. प्रश्न बँकेच्या तिजोरींत ठेवलेले असत, बँकेचा अधिकारी सशस्त्र पहारेकऱ्यांसह ते मंचावर आणी, आणि स्पर्धकास कांचेच्या बंद कोठडींत उभें करीत, अशासाठीं कीं बाहेरचा शब्द त्याच्या कानीं पडूं नये. प्रामाणिकपणाचा एवढा देखावा जेथें करावा लागतो, तेथें आमच्यासारखा परीक्षा-केंद्राचा अनुभवी मनुष्य प्रथम तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे तें पाहतो.

किल्ली अर्थातच खेळ चालविणाऱ्यांकडे होती. १९५६ सालीं सुरू झालेल्या ‘ट्वेंटी-वन’ या खेळाचा पहिला प्रयोग खरोखरच प्रामाणिकपणें झाला, आणि दोन्ही स्पर्धकांस कांहींच न आल्यामुळें तो इतका रटाळ झाला कीं आश्रयदाते संतापले. तेव्हांपासून उत्तरें अगोदर सांगण्याची वहिवाट पडली. हर्बर्ट स्टेम्पेल नांवाच्या स्पर्धकास कोणता कोट घालावा, केस कसे कापावे, कपाळावरचा घाम पुसावा कीं हळूच टिपावा, हेंहि शिकविण्यांत आलें. त्याचा कंटाळा आल्यावर त्यास हरण्याची आज्ञा झाली. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता, असा प्रश्न होता. उत्तर ‘मार्टी’, आणि तो स्टेम्पेलच्या अत्यंत आवडीचा चित्रपट. त्यानें ठरल्याप्रमाणें ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असें उत्तर दिलें. येत असलेल्या उत्तराचें अज्ञान सोंगावें लागणें, ही शिक्षा आमच्या कोणत्याहि शाळेनें अद्यापि शोधून काढलेली नाहीं.

त्याच्या जागीं जो आला, त्याच्याविषयीं लिहितांना लेखणी अडखळते, कारण तो आमच्याच धंद्यांतला. चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठांत इंग्रजी शिकविणारा तरुण. बाप मार्क व्हॅन डोरेन नामांकित कवि व त्याच विद्यापीठांतला लोकप्रिय अध्यापक. घरांत पुस्तकांवांचून दुसरें वैभव नाहीं. या मुलानें आठवड्यामागून आठवडे कोठडींत उभें राहून, ओठ चावून, डोळे मिटून, अगोदर दिलेलीं उत्तरें आठवण्याचें नाटक केलें आणि १,२९,००० डॉलर मिळविले. ‘टाइम’ साप्ताहिकानें त्याचें चित्र मुखपृष्ठावर छापलें. विद्वत्तेसहि मान मिळतो हें मुलांस कळेल, असें सांगून त्याचें मन वळविण्यांत आलें होतें, असें त्यानेंच पुढें सांगितलें. अशा युक्तिवादास बळी पडणारे अध्यापक आम्हीं पाहिले आहेत. रक्कम लहान असते इतकेंच. १९५८ सालीं ‘डोटो’ नांवाच्या दुसऱ्याच खेळांत एका स्पर्धकाची उत्तरें लिहिलेली वही सांपडली आणि सर्व बिंग फुटलें. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं व्हॅन डोरेननें प्रतिनिधिसभेच्या समितीपुढें सर्व कबूल केलें आणि त्याची विद्यापीठांतली जागा गेली. १९६० सालीं असे खेळ ठरवून खेळविणें हा कायद्यानें गुन्हा ठरला. व्हॅन डोरेन २०१९ पर्यंत जगला. या प्रकरणावर त्यानें सविस्तर लिहिलें तें २००८ सालीं, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षें मौन पाळल्यानंतर.

यादींत पहिला आलेला ‘जेपर्डी’ याच राखेंतून उठला. मर्व्ह ग्रिफिन यांस नवा प्रश्नोत्तरांचा खेळ काढावयाचा होता, पण त्या नांवासच लोक विटले होते. त्यांच्या पत्नी जुलॅन म्हणाल्या, मग उत्तरेंच अगोदर देऊन टाका ना, आणि प्रश्न स्पर्धकांकडून घ्या! १९६४ सालीं खेळ सुरू झाला. कुलुंगी चोरी झालेल्या घरानें दारच काढून टाकावें, तसा हा प्रकार आहे. आणि आमच्या मतें त्याचा पहिला क्रमांक या एका विनोदासाठींहि रास्त ठरेल. त्याच यादींत चौथें आसन मिळालेल्या ‘मॅच गेम’मध्यें तर ज्ञानाचा प्रश्नच नाहीं. अर्धवट वाक्यांत रिकामी जागा असते, आणि प्रसिद्ध लोकांनीं तेथें जो शब्द घातला तोच आपण घालावयाचा. आमच्याकडे २००४ पासून कित्येक वर्षें आदेश बांदेकर घरोघर जाऊन सुनांस खेळवीत आणि जिंकणारीस पैठणी देत; त्या ‘होम मिनिस्टर’विषयीं नाक मुरडणारे विद्वान् पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांत नाहीं. ज्या खेळांत विद्येचा आवच आणलेला नाहीं, त्यांत विद्येची फसवणूकहि संभवत नाहीं.

राहतां राहिलें करोडपति. हा खेळ मूळचा इंग्रजांचा, १९९८ सालचा. आमच्याकडे ऑक्टोबर २००० मध्यें मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले कोट्यधीश झाले. २०१३ सालीं सचिन खेडेकरांनीं आणि २०१९ सालीं नागराज मंजुळे यांनीं तो मराठींत चालविला. नानांच्या मापानें तो परीक्षाच आहे. उत्तर यंत्रांत, आणि विचारणारा सुरक्षित. तथापि त्यांत एक सोय होती ती आमच्या ध्यानांत त्या रात्रीं आली नव्हती. अडलेला मनुष्य सभेचा कौल घेऊं शके, किंवा दूरच्या मित्रास दूरध्वनीवरून विचारूं शके. आमच्या कोणत्याहि विद्यापीठानें ही मुभा दिलेली नाहीं. फडानें दिली होती, कारण शाहिराच्या मागें झीलकरी उभे असत आणि अडलेला शब्द ते पुरवीत. आणि २०१९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी येथील बबिता ताडे, महिना १,५०० रुपयांवर शाळेंतील मुलांची खिचडी शिजविणाऱ्या, त्या खुर्चीवर बसून एक कोटी रुपये जिंकल्या, तेव्हां परीक्षा आणि सवाल यांतील भेद आम्हांस पूर्वींइतका स्पष्ट राहिला नाहीं. ज्या बाईस कोणी कधीं कांहीं विचारलेंच नव्हतें, तिला विचारणें हेंच कांहीं कमी नव्हे.

हें नानांस सांगावयास ते उरले नव्हते. त्या पावसाळ्यांत, दूरचित्रवाणी बंद झाल्यावर, त्यांनीं आम्हांस एक भेदिक घातलें होतें. आम्हांस उत्तर आलें नाहीं. तीन दिवस विचार करून, पोथ्या चाळून आम्ही त्यांच्याकडे गेलों आणि हार मानली. ते उत्तर सांगतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनीं उलट विचारलें, “तुमचा सवाल कुठाय मास्तर? तुम्ही टाका, मी जवाब देतो. मग माझ्याचा बघू.” आमच्यापाशीं त्यांस घालण्याजोगा एकहि प्रश्न नव्हता. जे होते ते सर्व प्रश्नपत्रिकेंतले होते, आणि त्यांचीं उत्तरें आम्हांस अगोदर ठाऊक होतीं.