वंशावळ कुणासाठी लिहिली गेली?

ज्या गडाच्या पायथ्याशी आपलं घराणं शोधायचं, त्या गडाचंच नाव आधी शोधावं लागतं. शिलाहारांच्या लेखांत पन्हाळा हा प्रणालक किंवा पद्मनाल दुर्ग आहे. लोकांच्या तोंडी पन्नगालय, म्हणजे नागांचं घर. फारसी कागदांत शहानबीदुर्ग. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी गड घेतला, त्यावर जयराम पिंड्ये यांनी संस्कृत काव्य रचलं आणि त्यात तो पर्णालपर्वत झाला. इंग्रज वखारवाल्यांनी कानावर जसा पडला तसा लिहिला. त्याच वखारवाल्यांच्या पत्रांत शिवाजी महाराजही ‘सेवाजी’ होतात. गड जागचा हलला नाही, म्हणून ही सगळी नावं एकाच डोंगराची हे आपण बिनदिक्कत सांगतो. माणूस मात्र हलतो. चाकरीला जातो, दुष्काळात गाव सोडतो, दत्तक जातो, आणि जाताना नाव पुसटसं मागे ठेवून जातो.

गेल्या काही वर्षांत पन्हाळा तालुक्यातल्या कितीतरी घरांत हा शोध सुरू झाला. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि जुन्या कागदांच्या ज्या रुमालांना वर्षानुवर्षं हात लागला नव्हता ते सुटू लागले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात माणसं कोतवाल बुकं, पाहणीपत्रकं, खासरापत्रकं आणि शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे मागू लागली. जातपडताळणीला इतर मागासवर्गासाठी, म्हणजे कुणब्यांसाठीही, १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो ज्या पणजोबाच्या नावावर आहे, त्याच्यापासून अर्जदारापर्यंत एकही कडी न सुटता वंशावळ जुळवून द्यावी लागते. आणि अडतं ते बहुतेक वेळा नावाशी.

पन्हाळ्याच्या बाजूला हे अडणं फार खास आहे. वाडी रत्नागिरीचा जोतिबा याच तालुक्यातला. केदारनाथ, केदारलिंग हीही त्याचीच नावं. त्यामुळे इथल्या घरोघरी जोती, जोत्याजी, जोतिराम, केदारी, केरबा, केरू. घरी ज्याला सगळे केरबा म्हणतात तो शाळेच्या रजिस्टरात केदारी, जमिनीच्या कागदात केरू आणि जन्मनोंदीत नुसताच ‘मुलगा’ असू शकतो. त्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. जोती बिन राणू, म्हणजे राणूचा मुलगा जोती, मग राणू बिन जोती, पुन्हा जोती बिन राणू. तारीख नसेल तर यातला आपला जोती कोणता, हे नुसत्या नावावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आप्पा, बापू, दादू, तात्या ही हाका मारायची नावंसुद्धा सरकारदरबारी खुशाल चढलेली आहेत.

लिपीनं यात भर घातली. मोडीत आधी डोईची रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जात. शब्दाशब्दांत अंतर नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, ‘अमक्याचा मुलगा’ सांगणाऱ्या वलदचं ‘व॥’ आणि मौजेचं ‘मौ॥’ झालेलं. जातीच्या रकान्यात कुठे नुसतं ‘कु’. मोडीवरून बाळबोध करणाऱ्यानं एक वळण वेगळं वाचलं की घराण्याला नवं आडनाव मिळतं, आणि पुढचे सगळे कागद त्या वाचनावरून तयार होतात. आज एखाद्या कार्यालयात ‘नाव जुळत नाही’ म्हणून अर्ज परत येतो तेव्हा मला त्या जुन्या लेखकाचा राग येत नाही. त्याच्या काळी नाव जुळायची गरजच नव्हती.

ती का नव्हती, हे वंशावळीचाच मागोवा घेतला की कळतं. आज वंशावळ म्हटली की कौतुकानं भिंतीवर लावायचा तक्ता डोळ्यांपुढे येतो. पण मराठी कागदांत वंशावळ येते ती भांडणातून. पाटीलकी कुणाची, देशमुखी थोरल्या शाखेची की धाकट्या, कुलकर्णाचा अर्धा वाटा कुठे गेला, असे वाद गोतसभेपुढे येत. दोन्ही बाजू आपापला करीना, म्हणजे वतनाची पहिल्यापासूनची हकिकत, सांगत. आणि त्यात मूळपुरुषापासून पिढ्या मोजल्या जात. निवाड्याचा महजर लिहून झाला की गावानं त्यावर साक्ष घालायची. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. अक्षर कुणाला येवो न येवो, साक्ष देणारा कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. माणसाची ओळख त्याच्या चेहऱ्यात, कामात आणि गावात होती. कागद तिला दुजोरा द्यायला होता. कागद गावाबाहेर गेला, तो चेहरा कधीही न पाहिलेल्या कारकुनाच्या टेबलावर पोहोचला, तेव्हा नावाच्या वेलांटीला एवढं वजन आलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की पन्हाळ्याच्या मुलखात घराणं शोधायचं तर आडनावाच्या मागे लागू नये. जमीन आणि वतन धरावं. आडनाव किती फसवं असतं याचे दाखले याच गडावर आहेत. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांच्या नावावर ‘आज्ञापत्र’ आहे, ते १७१६ मध्ये पन्हाळ्यावर वारले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव बहुतकर. वडील नीळोपंत आणि आजोबा सोनोपंत शिवाजी महाराजांच्या पदरी. कागदात वडील येतात ते निळो सोनदेव म्हणून, मुलगा येतो तो रामचंद्र नीळकंठ म्हणून. पुढे हुद्द्यावरून अमात्य आणि गगनबावड्याच्या जहागिरीवरून बावडेकर. ज्याला फक्त ‘बावडेकर’ माहीत आहे तो तिसऱ्या पिढीच्या मागे जाऊच शकणार नाही. ज्याच्या हाती अमात्यपदाचा धागा आहे तो थेट सोनोपंतांपर्यंत पोहोचतो.

कविवर्य मोरोपंतांचं तसंच. जन्म १७२९, पन्हाळ्यावर; शिक्षण तिथल्याच केशव आणि गणेश पाध्ये यांच्याकडे. घराण्याचं आडनाव पराडकर, मूळ गाव राजापूरकडचं सौंदळ, आणि कीर्ती सगळी बारामतीची. पन्हाळ्यावर ते जन्मले याला कारण एवढंच की वडील चाकरीसाठी इथे होते. एखाद्या साध्या कारकुनाच्या किंवा शिपायाच्या घराण्याला अशी चार गावं असतील तर ती कुणी लिहून ठेवली असतील? कोंडाजीचं ‘फर्जंद’ तर किताबच. त्याखाली आडनाव इतकं झाकलं गेलं की गडाच्या इतिहासात माणूस किताबानंच ओळखला जातो.

कालगणनेचा गुंता वेगळा, पण तो सुटतो. कागदावर इहिदे सितैन अलफ असं दिसलं तर ते सुहूर सन १०६१, म्हणजे १६६० च्या मृगापासून पुढचं वर्ष. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या कागदांवर राज्याभिषेक शक असतो. त्यात १६७३-७४ मिळवायचे. पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ती रात्र आषाढ पौर्णिमेची, शके १५८२. आपण ती १२-१३ जुलै म्हणतो ती त्या वेळच्या जुन्या ज्युलियन गणनेनं; आजच्या कॅलेंडरप्रमाणे ती २२-२३ जुलै येते. दोन पुस्तकांत आपल्या पूर्वजाची तारीख दहा दिवसांनी वेगळी दिसली तर ती दोन माणसं समजू नयेत.

दत्तक मात्र भल्याभल्यांना चकवतो. १७१० नंतर पन्हाळा ही करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, राज्याची राजधानी होती. १७६० मध्ये करवीरचे छत्रपती संभाजीराजे वारले आणि त्यांच्या राणी जिजाबाई यांनी इथूनच कारभार हाती घेतला. १७६२ मध्ये त्यांनी खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला. घरी तो मानकोजी होता, गादीवर शिवाजी झाला. सव्वाशे वर्षांनी, १८८४ मध्ये, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू झाले. राजघराण्याचं असल्यामुळे हे आपल्याला पाठ आहे. सामान्य घरात दत्तक गेलेल्या मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव एका दिवसात बदलतं, आणि जन्मदात्या घराच्या वंशावळीत त्याची फांदी तिथेच तुटलेली दिसते. लोक म्हणतात, ‘आमचा एक चुलत पणजोबा निपुत्रिक गेला.’ कदाचित तो निपुत्रिक गेला नव्हता. एकुलता मुलगा तीन कोसांवर दुसऱ्याचा मुलगा म्हणून नांदत होता. दत्तकपत्र मिळालं तर दोन्ही घरं सापडतात.

दुसरी मोठी तूट १८४४ ची. पन्हाळ्याचे गडकरी, म्हणजे गड राखणारे चाकर, पिढीजात. गडाच्या शिबंदीत मराठे होते, रामोशी होते, महार होते, बेरड होते. प्रत्येकाला चाकरीबद्दल जमीन. इंग्रजांनी नेमलेल्या दाजी पंडितांच्या कारभारात या जमिनींना हात लागला आणि सामानगडापासून बंड पेटलं. पन्हाळ्याच्या गडकऱ्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याला पकडून गडावर डांबलं. १ डिसेंबर १८४४ ला इंग्रजी फौजेनं गड घेतला. चार दरवाजा पाडला गेला, पिढीजात शिबंदी मोडली. गडावरची माणसं खाली वाड्यावस्त्यांवर पांगली आणि ज्या हुद्द्यावर त्यांची ओळख उभी होती तो हुद्दाच गेला. काहींनी ‘गडकरी’ हे आडनाव म्हणून धरलं, काहींनी गावाचं नाव घेतलं. म्हणूनच ‘गडकरी’ वाचून जात किंवा भाऊबंदकी ठरवायला जाऊ नये. चाकरीची जमीन कोणत्या गावच्या शिवारात होती ते पाहावं. पुढच्या मोजणीत ती कुणाच्या नावावर चढली ते पाहावं. तिथे माणूस सापडतो.

सामान्य माणसाची खरी नोंद सुरू होते ती शाहू महाराजांच्या काळात. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि ज्यांच्या घरात कधी कागद आला नव्हता त्यांच्या मुलांची नावं जातीसह शाळेच्या रजिस्टरात चढू लागली. पुढच्याच वर्षी कुलकर्णी वतनं बंद होऊन पगारी तलाठी आले. तोवर गावचं दफ्तर म्हणजे कुलकर्ण्याच्या घरचं दफ्तर. नवा कागद चावडीत जमू लागला. जुना बराचसा माळ्यावर, पेटीत, रुमालात राहिला. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी दफ्तर जपलेलं आहे, आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली ताराबाईकालीन आणि जिजाबाईकालीन कागदपत्रं छापून निघालेली आहेत. पण एका वाडीच्या चार भावांची वाटणी समजायची तर ती माळ्यावरच्या रुमालातच. असे रुमाल ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ते वाळवीच्या हवाली करू नयेत. त्यात फक्त कुलकर्ण्याचं घराणं नाही, सबंध गाव आहे.

आणि कागदाशिवायचा एक मार्ग आहे, तो या भागाचं भाग्य. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पट्ट्यात हेळवी येतात. बैलावर बसून दारात उभं राहायचं आणि त्या घराचं मूळ गाव, मूळपुरुष, शाखा, कोण कुठे गेला, हे गात सांगायचं. धान्य, कपडा घ्यायचा आणि नव्या जन्मांची नोंद करून पुढे जायचं. त्यांच्या वह्यांत घर आणि भाऊबंद आधी येतात. ‘केरबा’ की ‘केदारी’ यावर हेळवी अडत नाही. त्याला त्याचे तिन्ही भाऊ आणि चुलते माहीत असतात. सरकारी उतारा आणि हेळव्याची वही शेजारी ठेवून वाचली तर एकाच्या चुका दुसरी दाखवते. या माणसांना आपण भिक्षेकऱ्यांत मोजलं, ही आपली मोठी चूक झाली.

एवढं सगळं केल्यावर जो तक्ता हाती येतो त्यात बाया नसतात. गडावरून ताराबाई आणि जिजाबाई या राण्यांनी राज्य चालवलं, त्यांच्या शिक्क्याचे खंडच्या खंड आहेत. पण खालच्या वाडीतल्या कुणाच्या वंशावळीत आजीचं नाव विचारा. वंशावळ वतनाच्या हक्कासाठी लिहिली आणि हक्क पुरुषाकडून पुरुषाकडे गेला, म्हणून फांद्या पुरुषांच्याच. बाईचं नाव कागदात बहुतेक वेळा विधवा म्हणून येतं, दत्तक घेताना येतं, नाहीतर येतच नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर हे थोडं बदललं. बाप वारला की वारसांच्या फेरफारात मुलींची नावं लागू लागली. मग भावांनी हक्कसोडपत्रं करून घेतली, आणि त्या हक्कसोडपत्रात बहिणीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, दिल्या घरचं गाव, वय, अंगठा, सगळं आलं. जमीन सोडताना का होईना, ती पुराव्यानिशी सापडते. ज्यांना आपल्या आजीचं घराणं शोधायचं आहे त्यांनी आजोबांचे उतारे बाजूला ठेवून तिच्या भावांच्या सातबाऱ्यावरचे जुने फेरफार काढावेत. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या सरकारी नोंदीत त्याच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं ठरलं आहे. पुढच्या शतकात पन्हाळ्याच्या एखाद्या वाडीतला केरबा कोणता हे ठरवताना शोधणाऱ्याला बापाबरोबर त्याच्या आईचंही नाव हाताशी असेल.