ताट, यंत्र आणि सुट्टी

यंत्राचा इतिहास सांगताना त्यापाशी राबणाऱ्या माणसाला विसरावयाचे, ही जुनी खोड आहे. आम्हांस ती मान्य नाही.

१९०१ साली फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात डॉ. आल्झायमर यांनी ऑगुस्टे नावाच्या रुग्ण बाईंना जेवताना विचारले, काय खाता? ताटात फ्लॉवर नि डुकराचे मांस होते. बाई म्हणाल्या, पालक. स्मृतिभ्रंशाच्या या इतिहासात ताट असे आरंभापासूनच आहे.

१९५२ साली बेल प्रयोगशाळेतील ‘ऑड्री’ यंत्रास बोललेले १० अंक ओळखता आले. १९६२ साली आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ला १६ शब्द. २०१४ साली ‘अलेक्सा’ आली. आज असे यंत्र जेवणाची वेळ सांगते, खाल्लेल्याची नोंद ठेवते. पण जेवल्याचे विसरून पुन्हा ताट मागणाऱ्या सासऱ्यांची समजूत सूनच घालते. घास मऊ करून भरविणारा हातही तिचाच.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. या सुनेचा रविवार कोणता? यंत्राने वाचविलेला तास तिच्या विश्रांतीस मिळाला, तरच आम्ही त्यास प्रगती म्हणू. त्या तासात तिच्या माथी दुसरे काम आले, तर नव्हे.