पुस्तकाच्या समासात

2023 च्या शेवटी धाराशिवमध्ये घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या जात होत्या. कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं होतं. निजामकाळातले कागद वाचायला प्रशासन उर्दू, फारसी आणि मोडी येणारी माणसं शोधत होतं, आणि लोक आपापल्या घरात मिळेल तो जुना कागद शोधत होते. मी दिवाळीला गावी आलो होतो. आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. हवा तो कागद मिळाला नाही, पण तळाशी एक जाड उर्दू पुस्तक मिळालं. पानं पिवळी पडलेली आणि पुठ्ठा वाळवीने अर्धा खाल्लेला.

मला उर्दू वाचता येत नाही. फोनवर फोटो काढून भाषांतराचं ॲप लावून बघितलं, तर त्याने काहीतरी भलतंच सांगितलं. शेवटी दर्ग्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे पुस्तक घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, “बेटा, ही तबियात आहे. म्हणजे तुमचं फिजिक्स. जामिया उस्मानियाची किताब आहे.”

पुस्तक माझ्या थोरल्या आजोबांचं होतं. ते औरंगाबादला उस्मानियाच्या इंटरमीजिएट कॉलेजात शिकले, एवढं घरात माहीत होतं. फिजिक्स उर्दूत शिकले, हे मात्र माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते पुस्तक कुठून आलं, हे शोधता शोधता मी एका विद्यापीठाच्या अनुवादखात्यापर्यंत पोहोचलो. त्याची ही गोष्ट.

एक नाव, दोन ठिकाणं

1948 पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं, आणि त्यांच्याच नावावरून हैदराबादच्या विद्यापीठाचं नाव उस्मानिया पडलं. गावाचं नाव 2023 मध्ये बदललं. विद्यापीठाचं तेच आहे.

त्याआधी संस्थानातल्या मुलांना पदवी हवी असेल तर हैदराबादच्या निजाम कॉलेजात जावं लागे. ते कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेलं होतं आणि सगळं शिक्षण इंग्रजीत. निजाम सरकारचे अधिकारी अकबर हैदरी यांनी 1917 मध्ये निजामांपुढे एक निवेदन ठेवलं. परक्या भाषेत शिकताना मुलांची ताकद पाठांतरात संपते, विचार करायला उरत नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यांना असं विद्यापीठ हवं होतं जिथे माध्यम उर्दू असेल आणि इंग्रजी एक सक्तीचा विषय म्हणून राहील. एप्रिल 1917 मध्ये फर्मान निघालं, 1918 मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि 1919 मध्ये वर्ग भरले. आधुनिक उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देणारं हे देशातलं पहिलं विद्यापीठ.

पण विज्ञान, कायदा, अर्थशास्त्र यांची पदवीच्या दर्जाची पुस्तकं उर्दूत जवळपास नव्हती. म्हणून विद्यापीठाचे वर्ग भरायच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट 1917 मध्ये, अनुवादखातं सुरू झालं. नाव दार-उल-तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं घर. छापायला विद्यापीठाचा स्वतःचा छापखाना उभा राहिला, त्याचं नाव दार-उत-तबा. आमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ही दोन्ही नावं आहेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा क्रम फार आवडला. आधी लायब्ररी तयार करा, मग त्यावर चालणारा प्रोग्राम रिलीज करा.

शब्द पाडणारी माणसं

दार-उल-तर्जुमाचे पहिले नाझिम, म्हणजे प्रमुख, होते मौलवी अब्दुल हक. पुढे ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले गेलेले. त्यांचा मराठवाड्याशी जुना संबंध. ते औरंगाबादला शाळा तपासनीस होते, ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचं काम त्यांनी अनेक वर्षं औरंगाबादेतूनच चालवलं, आणि माझे थोरले आजोबा ज्या कॉलेजात शिकले तिथे ते त्याआधी काही वर्षं प्राचार्यही होते.

या खात्यात काम केलेल्यांची यादी बघून मी चकित झालो. जोश मलीहाबादी तिथे होते. ‘उमराव जान अदा’ लिहिणारे मिर्झा हादी रुसवाही होते. रुसवा म्हटलं की आपल्याला लखनौ आणि कोठा आठवतो. पण या माणसाने रुरकीच्या अभियांत्रिकी कॉलेजातून ओव्हरसियरचा कोर्स केला होता आणि बलुचिस्तानात रेल्वेच्या कामावर नोकरी केली होती. कादंबरीकार असलेला इंजिनिअर पाठ्यपुस्तकांचे अनुवाद करतोय, ही कल्पनाच मला भारी वाटली.

कामाची पद्धत काटेकोर होती. अनुवादकाने मजकूर करायचा, मग भाषा तपासणारा वेगळा माणूस आणि धार्मिकदृष्ट्या काही आक्षेपार्ह नाही ना हे बघणारा आणखी एक वेगळा माणूस. पारिभाषिक शब्दांसाठी समित्या. त्यात एका बाजूला विषय जाणणारे, दुसऱ्या बाजूला भाषा जाणणारे, आणि एकेका शब्दावर वाद.

वाद कशावर? इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा का? नवा पाडायचा तर अरबीतून, फारसीतून की बोलीतून? वहीदुद्दीन सलीम यांनी 1921 मध्ये ‘वज़-ए-इस्तिलाहात’ नावाचं पुस्तकच या विषयावर लिहिलं. उर्दू ही मुळात इथल्या आर्यकुळातली भाषा आहे, तेव्हा नुसते अरबी साचे वापरू नका, उपसर्ग-प्रत्यय जोडून आणि हिंदी-फारसी शब्द एकमेकांत मिसळून शब्द करा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी बरेचसे शब्द अरबी-फारसीकडेच झुकले. तापमान म्हणजे दर्जा-ए-हरारत. गुरुत्वाकर्षण म्हणजे कशिश-ए-सिक्ल.

हसू येत असेल तर जरा थांबा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय निघालं आणि मराठीत परिभाषा कोश होऊ लागले. तिथे हाच वाद संस्कृतच्या नावाने झाला. मी शाळेत ‘अभिकेंद्री बल’ आणि ‘गुरुत्वीय त्वरण’ शिकलो. परंड्याच्या एखाद्या वस्तीवरच्या पोराला कशिश-ए-सिक्ल आणि गुरुत्वीय त्वरण यांतलं जवळचं कुठलं, हे मला तरी सांगता येणार नाही.

पुढच्या तीस वर्षांत दार-उल-तर्जुमाने साडेतीनशेहून जास्त पुस्तकं तयार केली. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, रसायन, कायदा, वैद्यक. डॉक्टरकी उर्दूत शिकवली जात होती. 1929 मध्ये अभियांत्रिकी कॉलेज निघालं, तेही उर्दूत. हे चालू शकतं की नाही, हा प्रश्न तिथे तीस वर्षं रोज प्रत्यक्षात सोडवला जात होता.

कुणाची भाषा?

आता दुसरी बाजू. हैदराबाद संस्थानात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलायचे, चौथा हिस्सा मराठी, काही कन्नड. उर्दू मातृभाषा असलेले दहात एक-सव्वा. परक्या भाषेत शिकणं वाईट म्हणून ज्या विद्यापीठाने इंग्रजी बाजूला ठेवली, त्याच विद्यापीठाची भाषा बहुसंख्य मुलांना परकीच होती. मराठी तिथे विषय म्हणून होती, माध्यम म्हणून नव्हती. उस्मानाबादच्या मुलाने प्राथमिक शाळेत मराठी शिकावी आणि वरच्या वर्गात गेल्यावर गणित-भूगोल उर्दूत नव्याने सुरू करावा, अशी रचना होती.

याला उत्तर आपल्याच जिल्ह्यातून आलं. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये मराठीतून शिकवणारी राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनीच केलं.

1938 मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर काढलं गेलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्यांच्यात पी. व्ही. नरसिंह राव होते. मुलांना आपल्या भाषेत ज्ञान द्यायला निघालेली संस्था आणि आपली भाषा मागणारी मुलं, अशी ही समोरासमोर गाठ होती.

एका आठवड्यात बदललेलं गणित

थोरले आजोबा कॉलेजातून परत आले तेव्हा माझे आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ, शाळेत होते. सप्टेंबर 1948 मध्ये आजोबा आठवीत होते. 13 तारखेला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि 17 ला निजामांनी शरणागती दिली. त्याआधी रझाकारांचे अत्याचार झाले होते. त्यानंतर मुस्लिमांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले जे जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आहे. त्या दिवसांत घरातली उर्दू पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी का गेली असतील, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आजोबांचं माध्यम मात्र आठवीत बदललं. पण आयुष्यभर ते हिशेब उर्दूत करायचे. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी तफरीक, गुणाकार जर्ब, भागाकार तक्सीम. लहानपणी मी पाढे म्हणताना अडखळलो की म्हणायचे, “अरे, जर्ब दे की!” मला वाटायचं हा त्यांचा स्वतःचाच शब्द आहे.

हैदराबादेत उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. दार-उल-तर्जुमाचं काम संपलं. पुस्तकांत काही चूक निघाली नव्हती. न्यूटन 1948 च्या आधी जेवढा खरा होता तेवढाच नंतरही होता. पण त्या पुस्तकांच्या मागे उर्दूतली परीक्षा होती, परीक्षेमागे उर्दूत चालणारं सरकार आणि त्याच्या नोकऱ्या होत्या. तो टेकू गेला आणि वाचक उरला नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच विद्यापीठाच्या आवारात आहे. ‘दाइरतुल मआरिफ’ ही 1888 मध्ये निघालेली, पुढे उस्मानियाला जोडली गेलेली प्रकाशनसंस्था. तिचं काम जुनी अरबी हस्तलिखितं संपादित करून छापण्याचं. संस्थान गेल्यानंतर, 1954 ते 1956 मध्ये, तिने अल-बिरुनीचा खगोलशास्त्रावरचा ‘कानून-अल-मसूदी’ तीन खंडांत छापला. तिचा वाचक जगभरच्या अरबी अभ्यासकांत होता. हैदराबादचं सरकार बदलल्याने तो कमी झाला नाही.

मग मराठीचं काय झालं?

मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. आता माध्यम मराठी करायला कुणाची आडकाठी नव्हती. 1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर केंद्राने विद्यापीठीय पुस्तकं प्रादेशिक भाषांत काढायला राज्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांची योजना दिली. त्यातून नागपूरला ‘महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ’ उभं राहिलं. उस्मानियातून काढलेल्या मुलांना ज्या शहराने आसरा दिला, त्याच शहरात आपलं मराठी दार-उल-तर्जुमा निघालं.

मंडळाने चांगली पुस्तकं काढली. जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ती अजून दिसतात, बरीचशी न हाताळलेली. कारण विज्ञान आणि अभियांत्रिकीची परीक्षा इंग्रजीतच राहिली. त्याच योजनेतून निघालेल्या गुजरात आणि राजस्थानच्या संस्था आजही पुस्तकं काढतात. तिथे पदवीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना त्या पुस्तकांतून अभ्यास करून त्याच भाषेत पेपर लिहिता येतो.

जानेवारी 2020 मध्ये 93 वं साहित्य संमेलन आमच्या गावात झालं. मी तीन दिवस पुस्तकांच्या स्टॉलवर फिरलो. कादंबऱ्या, चरित्रं, शेअर मार्केट, सगळं होतं. पदवीच्या दर्जाचं गणिताचं मराठी पुस्तक मला एकाही स्टॉलवर दिसलं नाही.

2021 पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकायला परवानगी आहे. अनुवादासाठी एआयसीटीईने ‘अनुवादिनी’ हे सॉफ्टवेअर आणलंय. जे काम करायला रुसवा आणि त्यांच्या सोबत्यांना वर्षं लागायची, ते आता काही तासांत होतं. माझ्या क्षेत्रातली ही गोष्ट, मला अभिमान वाटायला हवा. पण कॅम्पस इंटरव्ह्यू कुठल्या भाषेत होतो, हे मला माहीत आहे. ते बदलत नाही तोवर ही पुस्तकंही नागपूरच्या पुस्तकांशेजारीच जाऊन बसतील, अशी मला भीती वाटते.

आमच्या पुस्तकाबद्दल एक गोष्ट शेवटी सांगतो. दर्ग्याजवळचे सर पानं उलटत होते आणि मध्येच थांबले. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते मलाच वाचता आलं. कशिश-ए-सिक्लच्या शेजारी ‘गुरुत्वाकर्षण’. दर्जा-ए-हरारतच्या शेजारी ‘उष्णतेचे मान’. पानामागून पानं असंच. विद्यापीठाने इंग्रजीचं उर्दू करून दिलं होतं आणि थोरले आजोबा रात्री बसून उर्दूचं मराठी करत होते.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा दहावीपर्यंत मराठीत शिकलेलो. वर्गात प्राध्यापक काय बोलतायत ते सहा महिने नीट कळत नव्हतं. माझं मेकॅनिक्सचं इंग्रजी पुस्तक अजून घरी आहे. त्या रात्री घरी येऊन मी ते काढलं. समासात पेन्सिलने लिहिलेलं होतं: टॉर्क, पीळ. फ्रिक्शन, घर्षण. मोमेंटम, संवेग.

दोन्ही पुस्तकं आता एकाच कपाटात ठेवली आहेत. उर्दू पुस्तकाची पानं मी स्कॅन केली आहेत, आणि सरांकडे दर रविवारी उर्दूची अक्षरं शिकायला फोनवरून बसतो. मागच्या आठवड्यात त्यांच्या मदतीशिवाय पहिल्यांदा एक शब्द वाचला. जर्ब.