नाणेफेक हरलेला संघ

आमचे चँडलर हे गाव अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या आग्नेयेस सुमारे २० मैलांवर आहे. डॉ. अलेक्झांडर चँडलर नावाच्या पशुवैद्याने ते १९१२ साली वसविले. ज्या जमिनीवर पूर्वी कापूस पिकत असे, तेथे आज संगणकाचे सुटे भाग तयार होतात व त्यानिमित्त अनेक भारतीय कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. त्यांच्या मुलांना क्रिकेटपेक्षा बास्केटबॉल जवळचा वाटतो आणि फिनिक्स सन्स हा संघ ती आपल्या घरचाच मानतात.

२० जुलै २०२१ रोजी हा संघ अजिंक्यपदाच्या लढतीत पराभूत झाला. त्या रात्री आमच्या घरातील मुले न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस विचारले, "इतकी वर्षे खेळून एकदाही अजिंक्यपद नाही, मग या संघाला यशस्वी का म्हणायचे?" ज्यांचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले, त्यांना असा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून या संघाचा इतिहास थोडक्यात सांगत आहोत.

जानेवारी १९६८ मध्ये नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनने फिनिक्सला संघ काढण्याची परवानगी दिली. त्यासाठी २० लाख डॉलर मोजावे लागले. वाळवंटातील या गरम गावात बास्केटबॉल पाहावयास कोण येणार, असे बोलणारे पुष्कळ होते. नाव सुचविण्यासाठी एका वृत्तपत्राने स्पर्धा ठेवली, तीत २८ हजारांहून अधिक सूचना आल्या व त्यांतून 'सन्स', म्हणजे सूर्य, हे नाव निवडले गेले. व्यवस्थापक जेरी कोलँजेलो अवघे २८ वर्षांचे होते. पहिल्या हंगामात संघाने १६ सामने जिंकले आणि ६६ गमावले.

नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान कोणाचा, हे त्या काळी दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणे फेकून ठरवीत. त्या वर्षी सर्वांची दृष्टी ल्यू अल्सिंडर या असामान्य तरुणावर होती. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने तो जगप्रसिद्ध झाला. १९ मार्च १९६९ रोजी सन्स व मिल्वॉकी बक्स यांच्यात नाणेफेक झाली. प्रेक्षकांचा कौल घेऊन कोलँजेलोंनी 'छापा' मागितला. काटा पडला. अल्सिंडर मिल्वॉकीस गेला आणि १९७१ साली त्या संघाने अजिंक्यपद पटकावले.

सन्सच्या वाट्यास दुसरा खेळाडू आला. तो म्हणजे नील वॉक, मायामी बीच येथे वाढलेला एक यहुदी तरुण. आयुष्यभर 'अल्सिंडरऐवजी मिळालेला' असेच त्याचे वर्णन झाले. तथापि १९७२-७३ च्या हंगामात त्याने दर सामन्यास सरासरी २० हून अधिक गुण मिळविले. अमेरिकेतील कारकीर्द संपल्यावर तो इस्राएलमध्ये हपोएल रमात गन संघाकडून खेळला. रमात गन हे नाव आपल्या वाचकांस परके नाही. १९८८ साली पाठीच्या कण्यातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि या सहा फूट दहा इंच उंचीच्या खेळाडूचे पाय कायमचे गेले. पुढे तो चाकांच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळू लागला. १९९० साली व्हाइट हाउसमध्ये त्याचा गौरव झाला. ज्या संघाने त्याला नाइलाजाने निवडले असे लोक म्हणत, त्याच संघाच्या जनसंपर्क कार्यालयात त्याने अनेक वर्षे काम केले. २०१५ साली त्याचे निधन झाले.

आता संघाच्या तीन मोठ्या पराभवांकडे वळू. १९७६ साली बोस्टनविरुद्धचा पाचवा सामना तीन वेळा जादा वेळ देऊनही अटीतटीचा राहिला व सन्स १२८-१२६ असे हरले. १९९३ साली चार्ल्स बार्कले याच्या नेतृत्वाखाली ६२ सामने जिंकलेला संघ शिकागोकडून अखेरच्या लढतीत एका गुणाने पराभूत झाला. तरीही जूनच्या रणरणत्या उन्हात सुमारे ३ लाख लोक या पराभूत संघाच्या मिरवणुकीस जमले. २०२१ साली पहिले दोन सामने जिंकूनही पुढचे चार गमावले आणि प्रतिस्पर्धी होता तोच जुना मिल्वॉकी. एकदाही अजिंक्यपद न मिळालेल्या संघांत सर्वाधिक सामने जिंकणारा संघ सन्सच होय.

मध्यंतरी स्टीव्ह नॅश याने २००५ व २००६ असा लागोपाठ दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. त्याचा जोडीदार अमारे स्टॉडमायर पुढे हपोएल जेरुसलेमकडून खेळला, २०१९ साली इस्राएलचा नागरिक झाला व २०२० साली त्याने रीतसर यहुदी धर्म स्वीकारला. याच क्रीडागृहात खेळणाऱ्या फिनिक्स मर्क्युरी या महिला संघाने तर २००७, २००९ व २०१४ अशी तीन अजिंक्यपदे मिळविली. त्यांची आठवण मात्र मुलांना कोणी करून देत नाही.

एक अप्रिय गोष्टही सांगणे प्राप्त आहे. २००४ पासून संघाचे मालक असलेले रॉबर्ट सार्व्हर हे आपले धर्मबंधू. वंशभेदी भाषा आणि महिला कर्मचाऱ्यांशी अनुचित वर्तन यांबद्दल चौकशीअंती २०२२ साली त्यांना एक वर्ष निलंबित करून १ कोटी डॉलर दंड करण्यात आला. पुढील वर्षी संघ विकला गेला, तेव्हा महिला संघासह त्याची किंमत ४ अब्ज डॉलर ठरली. वॉकचे नाव अभिमानाने घ्यावयाचे आणि सार्व्हर यांचे मात्र झाकावयाचे, हे आमच्या मते योग्य नव्हे. पैशाच्या हिशेबाने या मालकाइतका यशस्वी दुसरा कोणी नसेल. परंतु त्या यशाबद्दल मिरवणूक निघाली नाही.

मुलांना आम्ही इतकेच सांगितले: नाणे कसे पडेल हे कोणाच्या हाती नसते. दुसऱ्या क्रमांकाने निवडला गेलेला माणूस पुढे काय करतो, हे मात्र त्याच्या हाती असते. परक्या देशात येऊन, मागितला तो कौल न मिळताही ज्यांनी संसार उभे केले, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. प्रगतिपुस्तकावर दुसरा क्रमांक आणणाऱ्या मुलास रागे भरण्यापूर्वी त्यांनी नील वॉकची ही हकिकत एकदा आठवावी, एवढीच विनंती.