पाहुण्यांनी पोसलेले वाडे

‘कंट्री लाइफ’ हे इंग्रजी साप्ताहिक इ. स. १८९७ मध्ये निघाले. खेड्यापाड्यांतील मोठमोठ्या घरांच्या विक्रीच्या जाहिराती हे त्याच्या पहिल्या पानांचे जणू भूषणच होऊन बसले आहे. पूर्वीच्या जाहिरातींत शयनगृहे किती, तबेल्यात घोडे किती राहतील, भोवती शिकारीचे रान किती, ह्या गोष्टींचा थाट असे. अलीकडे इंग्लंडात अशा घराची जाहिरात निघाली, तर तीत पुष्कळदा आणखी एक ओळ आढळते : ‘आवारात सुट्टीसाठी भाड्याने देण्याचे लॉज, धंदा चालू स्थितीत.’ ओळ लहान आहे, परंतु तिच्या पोटी यजमान व पाहुणा ह्यांच्या नात्याचा जवळजवळ पाचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. त्या इतिहासाचा थोडक्यात मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

‘लॉज’ हा शब्द आपल्या वाचकांस परका नाही. स्टेशनाबाहेर ‘बोर्डिंग-लॉजिंग’ची पाटी कोणी पाहिली नाही? पण ह्या शब्दाचे पूर्वचरित्र मोठे मौजेचे आहे. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ डहाळ्यांचा मांडव अथवा झोपडी असा होता. पुढे इंग्रजीत शिकारीच्या मुक्कामासाठी बांधलेल्या घरास लॉज म्हणू लागले, आणि त्यानंतर उमरावाच्या आवाराच्या फाटकाशी असणाऱ्या राखणदाराच्या छोट्या घरासही तेच नाव पडले. कोणास आत सोडावयाचे व कोणास परतवावयाचे, हे पाहणारा मनुष्य लॉजात राहत असे. आज झाडीत बांधलेल्या लाकडी घरांना लॉज म्हणतात, आणि त्यांत राहतो तो पैसे मोजून आलेला पाहुणा! फाटकावर ज्याची चौकशी व्हावयाची, तोच आता लॉजात बिऱ्हाड करून बसला आहे.

हे परिवर्तन समजण्यास आपणांस सोळाव्या शतकापर्यंत मागे गेले पाहिजे. त्यापूर्वी वाटसरूंना आसरा देणे हे ख्रिस्ती मठांचे कर्तव्य मानले जाई. संत बेनेडिक्टच्या नियमांत अतिथीचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त समजून करावे, असा दंडक आहे. आपल्या ‘अतिथिदेवो भव’ ह्या वचनाची आठवण व्हावी असाच हा भाव होय. इ. स. १५३६ ते १५४० ह्या काळात आठव्या हेन्री राजाने हे मठ मोडले, आणि त्यांच्या जमिनी सरदार, दरबारी व व्यापारी ह्यांच्या हाती गेल्या. विल्टशायर परगण्यातील लाँगलीट येथील मठाची जागा सर जॉन थिन ह्याने १५४१ मध्ये अवघ्या ५३ पौंडांस घेतली, व तेथे १५८० च्या सुमारास इंग्लंडातील एक अत्यंत देखणा वाडा उभा राहिला. देशभर असे कित्येक वाडे मठांच्या जागेवर उठले. जमिनीबरोबर अतिथिधर्म मात्र नव्या मालकांकडे आपोआप आला नाही.

नव्या वाड्यांनाही पाहुणे हवेच होते. परंतु ते वाटसरू नव्हेत, तर राजेराण्या. राणी एलिझाबेथ उन्हाळ्यात लवाजम्यासह दौऱ्यावर निघे आणि सरदारांच्या घरी मुक्काम करी. तिचे स्वागत थाटाने व्हावे म्हणून अनेकांनी ऐपतीबाहेर खर्च केला. सर क्रिस्टोफर हॅटन ह्याने नॉर्दॅम्प्टनशायरात होल्डनबी येथे १५८३ मध्ये एक प्रचंड वाडा पुरा केला, तो राणीसाठीच. राणी तेथे कधीच उतरली नाही, असे सांगतात. हॅटन १५९१ मध्ये कर्ज ठेवून वारला, १६०७ मध्ये वाडा पहिल्या जेम्स राजाकडे गेला, आणि १६४७ मध्ये त्याचाच पुत्र पहिला चार्ल्स त्या वाड्यात कैदी होऊन राहिला. पुढे तो विकला गेला व बहुतेक पाडला गेला. पाहुण्याच्या प्रतीक्षेत यजमान बुडाल्याचे ह्याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

तथापि अशी उदाहरणे अपवादच म्हणावयाची. सामान्यतः हे वाडे दोनतीनशे वर्षे सुखाने नांदले, आणि त्याचे कारण वाड्यात नसून वाड्याबाहेर होते. वाडा स्वतः एक छदामही मिळवीत नसे. सभोवारच्या हजारो एकरांवरील कुळे खंड भरीत, आणि त्या खंडावर स्वयंपाकघर, तबेला, बाग व नोकरचाकर ह्यांचा संसार चाले. वाडा हे मुख, तर जमीन हे पोट होते. ज्यांना वडिलार्जित जमीन नव्हती ते बाहेरून पैसा आणीत, व ह्यात हिंदुस्थानचा वाटा लहान नाही. ज्याच्या अमदानीत १७८२ मध्ये मराठ्यांशी सालबाईचा तह झाला, त्या वॉरन हेस्टिंग्जचीच गोष्ट घ्या. डेल्सफर्ड ही त्याच्या कुळाची मालमत्ता त्याच्या जन्मापूर्वीच परक्यांच्या हाती गेली होती. ती परत मिळवावयाचीच, असा आपण बालपणी निश्चय केला होता, असे तो उतारवयात सांगे. १७८८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पार्लमेंटपुढे त्याच्यावरील महाभियोगास आरंभ झाला त्याच वर्षी, त्याने ती विकत घेतली व नवे घर बांधले. १८१८ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. परंतु १८५३ मध्ये डेल्सफर्ड पुन्हा विकले गेले. एवढ्या अट्टाहासाने मिळविलेले घर पुरती सत्तर वर्षेही कुटुंबात टिकले नाही!

खरा घाला १८७० नंतर पडला. अमेरिकेच्या मैदानांत आगगाड्या धावू लागल्या, आगबोटींनी समुद्र आखूड केला, आणि परदेशचा स्वस्त गहू इंग्लंडच्या बंदरांत उतरू लागला. गव्हाचा जो भाव पूर्वी क्वार्टरला पन्नास शिलिंगांच्या वर असे, तो १८९४ मध्ये २२ शिलिंग १० पेन्सवर आला. कुळांना खंड देववेना, आणि वाड्याचे पोट आटले. वंशपरंपरेच्या करारपत्रांनी मालकांचे हात जखडलेले होते. १८८२ च्या कायद्याने त्यांना जमीन विकण्याची मुभा दिली. १८९४ मध्ये मृत्युकर आला. त्याचा सर्वांत वरचा दर आरंभी शेकडा ८ होता. तो १९१९ मध्ये ४० व १९४९ मध्ये ८० झाला. दोन महायुद्धांत थोरले वारस रणांगणी पडले आणि नोकरचाकर कारखान्यांत गेले. विसाव्या शतकात एक हजाराहून अधिक वाडे पाडले गेले. कित्येकांचे तुळयांचे लाकूड व छपराचे शिसे तेवढे विकून मालक मोकळे झाले.

अशा वेळी वाड्याने जगावे कसे? एक मार्ग देशाने दाखविला : १९३७ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेस असे वाडे सांभाळण्याची वाट खुली झाली. दुसरा मार्ग मालकांनीच शोधला. लाँगलीटच्या सहाव्या मार्क्विसवर सुमारे सात लाख पौंडांच्या मृत्युकराचा बोजा पडला, तेव्हा त्याने १९४९ मध्ये अर्ध्या क्राउनच्या तिकिटावर वाडा सर्वांस खुला केला. १९६६ मध्ये आवारात सिंह सोडले. लोक मोटारींत बसून ते पाहावयास येऊ लागले. उच्चकुलीनांनी नाके मुरडली, पण छप्पर गळावयाचे थांबले. पुढे १९९४ मध्ये त्याच मालमत्तेच्या जंगलात सुट्टीच्या लॉजांची मोठी वसाहत सुरू झाली. इंग्लंडात पगारी रजेचा कायदा १९३८ मध्ये झाला. ज्या कामकऱ्याच्या आजास वाड्याच्या फाटकातून आत येणे नशिबी नव्हते, तो मुलाबाळांसह तेथे आठवडाभर राहू लागला. जेथे एके काळी मठ होता तेथे पुन्हा वाटसरू आले. भेद इतकाच, की पूर्वी यजमान पाहुण्यास पोशी. आता पाहुणा यजमानास पोसतो!

म्हणून आज असा वाडा लॉजांसह विकला जातो, तेव्हा विकणारा केवळ दगडविटा विकीत नाही. घराबरोबर सामानसुमान जाते, पुढील हंगामाची आगाऊ ठरलेली बिऱ्हाडे जातात, आणि ‘तेथे सोय चांगली होते’ हे लोकांच्या तोंडचे नावही जाते. शहाणा गिऱ्हाईक दिवाणखान्याच्या कोरीव छतापेक्षा हिशेबाची वही आधी पाहतो. कारण बंधने अनेक आहेत. वाडा संरक्षित यादीत असेल तर परवानगीवाचून त्यात फेरफार करता येत नाहीत; लॉज बहुधा सुट्टीपुरतेच वापरावयाचे, तेथे कायमचे घर करावयाचे नाही, अशी अट असते. एप्रिल २०२३ पासून इंग्लंडात असा नियम झाला, की सुट्टीचे घर वर्षात १४० रात्री उपलब्ध आणि प्रत्यक्षात ७० रात्री भाड्याने गेल्याचे दाखविल्याखेरीज त्यास घरपट्टीऐवजी धंद्याची पट्टी लागू होऊ नये. सामान लावून दिलेल्या सुट्टीच्या घरांची खास करसवलतही एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली.

हे निर्बंध सरकारने उगाच घातलेले नाहीत. सुट्टीच्या घरांनी गावातील किमती चढतात, आणि गावच्या तरुणांस गावातच घर मिळेनासे होते. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज येथील लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून, नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत, असा निर्णय घेतला. वाडा वाचला, पण त्याच्या पायथ्याचे गाव हिवाळ्यात ओस पडले, तर काय वाचविले म्हणावयाचे? जुना उमराव जुलमी असला तरी कुळांवाचून त्याचे चालत नसे. नव्या मालकास केवळ पाहुणे लागतात. गावाची गरज त्यास उरत नाही. ह्या व्यवहारातील खरी जोखीम आमच्या मते हीच आहे.

हा इतिहास आता आपल्या दारापर्यंतही आला आहे. पेन्सिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन ह्याच्या पुत्राने १७६० मध्ये घेतलेल्या स्टोक पार्क ह्या मालमत्तेवर नातवाने वाडा बांधला. १९०८ मध्ये तेथे क्लब झाला, पुढे हॉटेल झाले, आणि एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या रिलायन्स समूहाने तो सारा कारभार ५ कोटी ७० लाख पौंडांस घेतला. हेस्टिंग्ज येथला पैसा तेथे घेऊन गेला व त्याने वाडा बांधला. आता येथला पैसा तेथे जाऊन वाड्याबरोबर त्याचा धंदाही विकत घेत आहे. ह्यात काव्यगत न्याय पाहून कोणास गुदगुल्या झाल्या, तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु मालक कोण, हा प्रश्न आमच्या दृष्टीने दुय्यम आहे. मठ, उमराव, क्लब, कंपनी असे मालक बदलत आले. ज्या घराने आपले दार अधिकाधिक लोकांना उघडले ते तगले, आणि ज्याने एकाच थोर पाहुण्याची वाट पाहिली ते होल्डनबीच्या वाटेने गेले. तेव्हा वाडा व लॉज विकत घेणाऱ्याने छपराची व हिशेबाची पारख अवश्य करावी; पण फाटकाबाहेरच्या गावात हिवाळ्याच्या संध्याकाळी किती घरांत दिवे लागतात, हेही एकदा मोजून पाहावे.