टांकसाळीतून निघालेले घाटाचे चित्र

काशीचा दुर्गाघाट मराठी माणसाला परका नाही. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात हा घाट आणि लागूनचा ब्रह्माघाट बांधवला. पुढे या पायऱ्यांवरच्या गल्ल्यांत मराठी घरे वसली. ही वस्ती, हे बाजार दिसतात तसे कागदावर उतरवण्याची रीत इथे रुजवली ती मात्र इंग्रजांनी.

पहिला आला विल्यम हॉजेस, १७८१ साली. त्याची नजर रम्य देखाव्यावर. १७८८ मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे आले, ते ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ घेऊन. भिंगातून आलेली समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर पडायची, तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. प्रमाण चुकत नसे. तरी विषय बहुधा भव्यच.

रोजचे शहर चित्रात आले जेम्स प्रिन्सेपमुळे. ब्राह्मी लिपी उलगडणारा तोच हा. १८२० ते १८३० तो बनारसच्या टांकसाळीत धातूचा कस पाहायच्या नोकरीवर होता. १८२२ मध्ये त्याने शहराचा नकाशा केला, पुढे घरांची नि माणसांची मोजणी केली. दुर्गाघाटाशेजारच्या पंचगंगेवरच्या मशिदीचे कलू लागलेले मिनार दुरुस्त करून घेतले. १८३० पासून निघालेल्या त्याच्या ‘बनारस इलस्ट्रेटेड’मध्ये ते मिनार आहेत, ब्रह्माघाट आहे आणि ठठेरी बाजार, म्हणजे आपली तांबट आळीही आहे. रेखाटने त्याची, छपाईच्या दगडावर ती उतरवली लंडनच्या कारागिरांनी, तेव्हा थोडी सफाई त्यांचीही. पंचगंगेच्या त्या मिनारांतला एक १९४८ मध्ये कोसळला, दुसरा नंतर उतरवला. त्यांची उंची आता अशा चित्रांतूनच कळते.

मराठी मुलखात रोजचे शहर चितारण्याचे हे वळण चित्रकार धुरंधरांनी घेतले. १९१२ च्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी त्यांनी मुंबईच्या गल्लीबोळांतली माणसे काढली. पुढे सुधीर पटवर्धनांची ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) आणि ‘लोअर परळ’ (२००१) ही चित्रे आली. पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट. ठाण्यात त्यांनी वर्षानुवर्षे एक्स-रे वाचले. प्रिन्सेप धातूचा कस बघे, हे हाडांचा. पोटापाण्याची सोय नोकरी-व्यवसायातून झालेली, त्यामुळे गिऱ्हाइकाला रुचेल असे शहर रंगवायची सक्ती दोघांवरही नव्हती. ठठेरी बाजार आणि इराण्याचे हॉटेल चित्रात यायला ही मोकळीक बरीच कामी आली.