संयोगचिन्हाचा अधिकार : कोश, रूढी आणि मराठी

इंग्रजीत दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह द्यावे की नाही, हे कोशाने ठरवावे की रूढीने, हा वाद जुना आहे. २००७ साली ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ कोशाच्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० संयोगचिन्हे गाळली. लिहिणाऱ्यांनी आधीच टाकलेले चिन्ह कोशाने उशिरा टाकले, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीपुरता निकाल रूढीच्या बाजूने लागला.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. मोडी लेखनात शब्द सहसा सुटे नसत. ओळ सलग चाले. जेथे तोडणेच नव्हते, तेथे जोडणारे चिन्ह कशाला? सुटे शब्द व विरामचिन्हे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छापखाना आणि शाळा यांच्यामार्फत. विरामचिन्हांच्या प्रसाराचे श्रेय ज्या मेजर कँडींना दिले जाते, त्यांनीच मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये पुरा केला. चिन्ह कोशकाराच्या हातून आले, तरी कोश त्याचा शास्ता झाला नाही.

पुढे लेखनाचा वाद मुख्यतः अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांभोवती फिरला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा नियमांत व १९७२ मध्ये जोडलेल्या चार नियमांतही भर त्यांवरच आहे. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, इतका तपशील तेथे सापडतो. सामासिक शब्दातील संयोगचिन्हाविषयी स्वतंत्र नियम नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे उदाहरण घ्यावे. ‘राजूर’चे ‘राजुरात’ होते, हे ऱ्हस्वदीर्घाच्या नियमांना धरून आहे. परंतु कोळशाच्या खाणीवरून पडलेले नाव ‘राजूर कॉलरी’, ‘राजूर-कॉलरी’ की ‘राजूरकॉलरी’? कोश व नियम दोन्ही मूक, उरते रूढी. पण कोणाची? वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या उच्चारात संयोगचिन्ह ऐकू येत नाही. येथे रूढी म्हणजे फलक रंगवणारा, दप्तर लिहिणारा आणि मुद्रिते तपासणारा यांची सवय. तिला लोकव्यवहार म्हणणे म्हणजे थोड्यांच्या हाताला सर्वांचा आवाज मानणे होय.

म्हणून निर्णयाचा निकष अर्थात शोधावा लागतो. ‘मराठी कादंबरी-समीक्षा’ म्हणजे कादंबरीची मराठीतील समीक्षा. ‘मराठी-कादंबरी समीक्षा’ म्हणजे मराठी कादंबरीची, कोणत्याही भाषेतील समीक्षा. येथे चिन्ह गाळल्यास अभ्यासविषयच बदलतो. ‘आईवडील’ आणि ‘आई-वडील’ यांत मात्र अर्थाला धक्का लागत नाही. तेथे दोन्ही रूपे नांदू द्यावीत. कोशाने त्यांची नोंद ठेवावी, शिक्षकाने गुण कापू नयेत. शुद्धतेचा आग्रह अर्थ दुभंगतो तेथेच धरावा. अन्यत्र तो केवळ अधिकाराचा आग्रह ठरतो.